बाबांची फियाट विकताना: जपलेली जुनी गाडी नव्या मालकाच्या हाती कशी द्यावी

गाडी विकायचं ठरलं त्या रविवारी मी तिला धुतलं नाही, पॉलिशही केलं नाही. बोनेट उघडलं, चेसिस नंबरवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. आकडे उमटले. मग इंजिनच्या ब्लॉकवर तेच केलं. शेजारी बाबांचं जुनं आरसी बुक उघडं होतं. चेसिस नंबर जुळला. इंजिन नंबर जुळला नाही.

गाडी १९६८ ची फियाट ११०० डिलाइट. बाबांनी ऐंशीच्या दशकात तिचं इंजिन बदललं होतं. बिल पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं, पण आरटीओत नोंद करायची राहून गेली होती. पुढे दर पाच वर्षांच्या तपासणीतही ते निसटलं. मी चार वर्षं खपून ती गाडी पत्र्यापासून पुन्हा उभी केली, एकेक नट मोजून डब्यात भरला, आणि तरीही हे मला विकायचं ठरलं त्या दिवशी कळलं. पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी कळलं एवढंच नशीब.

गाडी विकायला मला सात महिने लागले. त्यातले चार कागदांत गेले. तुमचीही अशी मनापासून जपलेली गाडी असेल आणि ती द्यायची वेळ आली असेल, तर ज्या क्रमाने मला करावं लागलं (आणि ज्या क्रमाने करायला हवं होतं) तो इथे लिहिते.

पहिली पायरी: जाहिरातीआधी कागद

सुरुवात पेन्सिलीनेच करा. चेसिस आणि इंजिन, दोन्हींची छाप घ्या आणि आरसीवरच्या आकड्यांशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. जुन्या हस्तलिखित पुस्तकांत ७ चा १ आणि ० चा ६ सहज होतो, आणि पुढे संगणकात नोंद करताना तीच चूक पक्की होते. इंजिन बदललेलं असेल तर त्याचं बिल शोधा आणि आरटीओत बदलाची रीतसर नोंद करून घ्या. बिल नसेल तर हे काम लांबतं, पण गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालून मोकळं होऊ नका. नाव बदलताना निरीक्षक छाप मागतो आणि तिथे सगळं अडतं. तोवर तुम्ही पैसे घेतलेले असतात.

दुसरी गोष्ट मालकीची. जुन्या गाड्या बहुतेकदा वारसाने आलेल्या असतात आणि पुस्तकावर अजून आजोबांचं नाव असतं. मूळ मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. आपल्याकडे हे कोण करतं? मी नऊ वर्षं केलं नव्हतं. उशिराचा दंड भरला, भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडलं आणि गाडी माझ्या नावावर झाली. ‘थेट गिऱ्हाइकाच्याच नावावर करू, एक खेप वाचेल’ असं सुचवणारे भेटतील. नाही म्हणा. वारलेल्या माणसाच्या नावाने सही कोण करणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. असलं तर ते ऐकण्यासारखं नसतं.

तिसरी, बोजा. पुस्तकात एखाद्या कोपऱ्यात कर्ज देणाऱ्या बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा शिक्का आहे का ते बघा. कर्ज १९७५ मध्ये फिटलेलं असतं, पण नोंद कुणी काढलेली नसते. ती काढायला फॉर्म ३५ आणि त्या संस्थेचं पत्र लागतं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आताच्या बँकेकडे जावं लागतं, आणि तिथल्या तरुण अधिकाऱ्याला पन्नास वर्षांपूर्वीचं कर्ज समजावून सांगण्यात एक अख्खी सकाळ जाते.

मग राहिली किरकोळ वाटणारी, पण काम अडवणारी कामं. जुन्या पुस्तकाची नोंद ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत चढली आहे का ते बघा. नसेल तर आरटीओत ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. तिथे तुमचा चालू मोबाइल क्रमांक जोडा, कारण पुढे सगळं ओटीपीवर चालतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. ती संपली असेल तर आधी वाढवा, पर्यावरण कर भरा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. ती नसेल तर नाव बदलायचं काम अडतं. पीयूसी आणि विमा चालू हवा. ई-चलन थकलेलं नको. माझ्या फियाटवर वेगमर्यादा ओलांडल्याचं एक चलन निघालं, त्याचा मला अजून अभिमान आहे.

आणि ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते’ हा समज गिऱ्हाईकही घेऊन येतं. खासगी गाडीला महाराष्ट्रात असं वयाचं बंधन नाही. तपासणीत उतरली की ती चालते. वयाचं बंधन होतं ते टॅक्सीला. मुंबईत टॅक्सी वीस वर्षांनी निघते, म्हणून २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. दिल्ली आणि आसपासचा भाग मात्र वेगळा आहे. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले आहेत. तिकडचं गिऱ्हाईक असेल तर त्याने आधी स्वतःच्या आरटीओत विचारावं, मगच टोकन घ्या.

दुसरी पायरी: वही

हे या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि यावर कुणी वेळ घालवत नाही.

चकचकीत रंग कुणीही मारून देतो. रंगाखाली काय आहे हे फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि गिऱ्हाइकाचा सगळा संशय तिथेच असतो. पुट्टी किती भरली आहे? तळ नवा आहे की जुन्या गंजावर काळं फासलंय? इंजिन खरंच उघडलं होतं का? याची उत्तरं तोंडी देऊ नका. वहीत द्या.

माझी वही म्हणजे दोनशे पानी लांब रजिस्टर. तारीख, काम, कुणी केलं, किती लागले. शेजारी बिल डकवलेलं. जुन्या बाजारातून घेतलेल्या वस्तूंना बिल नसतं. तिथे वस्तूचा फोटो आणि दिलेली रक्कम लिहिली. सगळ्यात कामाला आले ते उघड्या पत्र्याचे फोटो: रंग खरवडल्यावरचे, तळ कापून नवा पत्रा वेल्ड केल्यावरचे, प्रायमरआधीचे. तुमचं काम अजून चालू असेल तर आजपासून हे फोटो काढायला लागा. पूर्ण झालं असेल आणि फोटो नसतील तर डेंटरकडे विचारा. पुष्कळदा त्याच्या फोनमध्ये सापडतात.

विकण्याच्या महिन्यात वहीत एक ताजं पान जोडा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजून आकडे लिहा. आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसला की जाणकार गिऱ्हाईक निम्मं निश्चिंत होतं. इंजिन गरम झाल्यावरचा ऑइलचा दाब लिहा. टायरवरचा चार आकडी शिक्का लिहा: २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. जुनी गाडी कमी फिरते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र कडक होऊन तडकलेलं असतं.

आणि एक पान उणिवांचं. माझ्या पानावर अकरा ओळी होत्या. बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनामो काढून अल्टरनेटर बसवला आहे (डायनामो खोक्यात आहे, सोबत मिळेल). मागच्या डाव्या दाराची काच मूळ नाही. डॅशबोर्डवरचं घड्याळ चालत नाही. रंगाची छटा कारखान्याच्या छटेपेक्षा किंचित गडद आहे. पावसात ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याचा थेंब येतो, कुठून ते चार वर्षांत सापडलं नाही. माझा भाऊ म्हणाला, हे पान दाखवलंस तर गाडी विकली जाणार नाही. शेवटी ज्यांनी घेतली त्यांनी हेच पान दोनदा वाचलं आणि मगच गाडीखाली वाकून बघितलं.

तिसरी पायरी: किंमत

इथे दुखतं. तुम्ही ओतलेला पैसा परत येणार नाही. वहीतली बेरीज कितीही असो, बाजार त्याच मॉडेलच्या, त्याच स्थितीतल्या दुसऱ्या गाडीकडे बघून भाव ठरवतो. चार वर्षांचे रविवार, जुन्या बाजारातल्या बुधवारच्या चकरा, घरातल्यांचे टोमणे, यांना भाव नाही. मी वहीच्या बेरजेपेक्षा बरंच कमी घेतलं, आणि पहिल्या दोन गिऱ्हाइकांच्या मानाने बरंच जास्त.

भाव कशाने वर-खाली होतो ते समजून घ्या, म्हणजे घासाघीस करताना पाय घसरत नाहीत. आधी मॉडेल. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ची अनेक रूपं निघाली. पन्नाशीतली गोलमटोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती ‘डुक्कर’ फियाट. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. १९६४ पासून डिलाइट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि लगेच पुढे पद्मिनी. साधारण हिशेब असा की जितकी जुनी आणि दुर्मीळ, तितका भाव चढा. चांगली डुक्कर सापडणं कठीण, पद्मिन्या पुष्कळ. त्यामुळे जाहिरातीत ‘जुनी फियाट’ एवढंच लिहू नका. वर्ष आणि मॉडेल आरसीप्रमाणे लिहा. प्रेसिडेंटला डिलाइट म्हणून विकायला जाल तर ग्रिल बघूनच माणूस हसेल.

दुसरं, मूळपण. मूळ १०८९ सीसी इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा हँड गिअर, मूळ मीटर, मूळ सीटची शिवण, चाकांच्या वाट्या, काचांवरचे शिक्के. हँड गिअर काढून खाली गिअर बसवलेल्या गाड्या चालवायला सोप्या असतील, पण शौकीन माणूस त्यांच्याकडे वळून बघत नाही. तिसरं, नंबर. एमएचच्या आधीच्या तीन अक्षरी मालिकेतला मूळ नंबर अजून गाडीवर असेल तर ती मोठी गोष्ट आहे. आणि चौथं, कागद स्वच्छ आहेत की नाही. चारही गोष्टी जमलेल्या दोन-तीन गाड्या कितीला गेल्या हे मेकॅनिककडून, जुन्या गाड्यांच्या क्लबमधल्या लोकांकडून काढा. जाहिरातीतला आकडा मागितलेला असतो, मिळालेला नसतो.

एक आकडा मनात ठरवा ज्याच्या खाली जायचं नाही, आणि तो घरात एका माणसाला सांगून ठेवा. मी आईला सांगितला होता. दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर माझी जीभ सैल व्हायला लागली तेव्हा तिने आतून चहा विचारला. खुणेचं ते वाक्य होतं.

चौथी पायरी: ‘व्हीए’ नंबर घ्यावा का

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी या नियमात बसते. नव्याने नोंदवायची असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या वेळी ५,०००, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशा गाडीची विक्री झाली तर दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला ९० दिवसांत कळवायचं असतं.

ऐकायला छान वाटतं. पण व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, धंद्याला तर नाहीच. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्ता. नव्या मालकाला रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी खायला जायचं असेल तर? म्हणून माझं मत असं, की साधी नोंदणी चालू असेल तर विकणाऱ्याने यात पडू नये. घेणाऱ्याला ठरवू द्यावं. नोंदणी नसलेली, गोठ्यात सापडलेली गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

पाचवी पायरी: दुरुस्त काय करायचं, सोडायचं काय

विकण्याआधी नवा रंग मारू नका. ताजा रंग बघून जाणकाराला पहिला प्रश्न पडतो की काय झाकलंय. ब्रेक मात्र नीट करा. डिलाइटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. सिलिंडरची रबरं बदला, तेल नवं भरा. गिऱ्हाईक गाडी चालवून बघणार आहे आणि शेजारच्या सीटवर तुम्ही बसणार आहात.

पेट्रोलचे पाइप बघा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल जुनी रबरं फुगवतं, मऊ करतं, हवेतलं पाणी ओढून घेतं. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये मग चिकट थर बसतो. पाइप, पंपाचा डायफ्रॅम आणि पॅकिंगं इथेनॉल चालणारी घाला आणि वहीत तसं लिहा. इंजिन उघडताना व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवल्या असतील तर तेही लिहा. २००० साली देशभरात शिशाचं पेट्रोल बंद झालं आणि जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना मिळणारं संरक्षण गेलं. ज्याला हे माहीत आहे तो विचारतोच.

बाकीचं सोडा. बंद घड्याळ बंदच राहू द्या.

सहावी पायरी: फोटो, व्हिडिओ आणि जाहिरात

फोटो सकाळी सात-साडेसातच्या उन्हात, मोकळ्या जागेत काढा. वाड्याच्या दारात, साडी नेसलेल्या भाचीसोबत नको. चारही बाजू, आतला भाग, डिकी चटई काढून, इंजिन, आणि पिटवर घेऊन खालून तळ. खालचे फोटो बाकी कुणी टाकत नाही, म्हणून तुमचे टाका. गंजाचे डागही दाखवा.

एक व्हिडिओ रात्रभर उभ्या गाडीचा. बोनेटवर हात ठेवून गार आहे हे दाखवा, चोक ओढा, स्टार्टर मारा, मग न थांबवता सायलेन्सरपर्यंत चालत जा. दोन मिनिटं. एवढ्या व्हिडिओने मला नुसत्या उत्सुकतेने येणारे निम्मे लोक गाळता आले.

आरसीचा आणि चेसिस नंबरचा फोटो जाहिरातीत टाकू नका. प्रत्यक्ष आलेल्या माणसाला दाखवा. ‘मी लष्करात आहे, गाडी न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो तो स्कॅन करा’ असा फोन पहिल्या दिवशीच येतो. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि फोन ठेवा.

सातवी पायरी: माणूस पारखणं

माझ्याकडे तिघं खरे गिऱ्हाईक आले. पहिल्यांचा लग्नाला गाड्या भाड्याने द्यायचा धंदा होता. भाव बरा देत होते, पण टप कापून उघडी करणार होते. दुसऱ्यांना ती हॉटेलच्या दारात ठेवायची होती, इंजिन चालतं की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं. यात त्यांचं काही चुकत नाही, गाडी त्यांच्या पैशाने येणार. फक्त आपल्याला कुणाला द्यायची आहे हे आपण ठरवावं, आणि त्यासाठी किती सोडायची तयारी आहे तेही.

तिसरे कोल्हापूरचे निवृत्त शिक्षक. त्यांनी सायलेन्सर बघितला नाही की रंग बघितला नाही. म्हणाले, “ताई, आधी हिला बंद करा. गार होऊ दे. मी परत येतो, मग माझ्यासमोर चालू करा.” त्यांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती. हँड गिअरवर हात न बघता गेला.

चालवायला देताना लायसन्स बघा, आपण शेजारी बसा, किल्लीसोबत एकट्याला सोडू नका. हँड गिअर कधी न चालवलेल्या माणसाला आधी उभ्या गाडीत गिअर टाकायला लावा. त्याने स्वतःचा मेकॅनिक आणला तर खूश व्हा. मेकॅनिक चुंबक घेऊन पत्र्यावरून फिरेल. फिरू द्या.

परराज्यातलं गिऱ्हाईक असेल तर एक गोष्ट आधी सांगा: गोव्यात किंवा बेळगावला गाडी कायमची गेली तर इथलं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८ लागेल, तिकडचा कर भरावा लागेल आणि जुना नंबर जाऊन तिकडचा नवा मिळेल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर तोच राहतो. मूळ नंबरासाठी जास्त पैसे देणाऱ्याला हे नंतर कळलं तर भांडण ठरलेलं.

आठवी पायरी: पैसे आणि कर

टोकन घेतलं की पावती द्या आणि मुदत लिहा. सौदा मोडला तर टोकनाचं काय, तेही दोन ओळींत. उरलेली रक्कम बँकेतून. दोन लाखांपासून पुढे आरटीजीएस होतं. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात निषिद्ध आहे आणि दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. ‘अर्धे रोख देतो’ म्हणणाऱ्याला हे सांगा. पैसे आल्याचा मेसेज पुरेसा धरू नका, स्वतःच्या खात्यात शिल्लक बघा.

कराबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे गैरसमज आहे. स्वतःच्या वापरातली मोटार ही वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते, त्यामुळे ती विकून नफा झाला तरी भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण वापर खरा हवा. १९३१ ची एक फोर्ड टूरर मालकाने १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेतली होती आणि पुढे २१ लाखांना विकली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या नफ्यावर कर लागतो असं ठरवलं. गाडी वापरता येण्यासारखी होती एवढं पुरत नाही, स्वतःसाठी वापरल्याचा पुरावा हवा, असा त्याचा मथितार्थ. मालक कंपनीची गाडी वापरत होते आणि ही गाडी घरी उभी राहतही नव्हती. म्हणजे पुन्हा वही. पेट्रोलच्या पावत्या, विमा, सर्व्हिसिंग, सहलीचे फोटो जपून ठेवा आणि मोठी रक्कम असेल तर विकण्याआधी सीएशी बोला.

नववी पायरी: करारनामा, फॉर्म आणि किल्ली

करारनामा ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर, दोन साक्षीदारांसह. त्यात गाडीचं वर्णन, दोन्ही नंबर, रक्कम आणि ती कशी दिली, मीटरवरचे किलोमीटर, ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द, आणि सोबत दिलेल्या सुट्या भागांची यादी. उणिवांच्या पानाची प्रत जोडून त्यावर घेणाऱ्याची सही घ्या. ताबा दिल्याची तारीख लिहिता तशी वेळही लिहा. सहा वाजता गाडी गेली आणि साडेसहाला तिने कुणाला धडक दिली तर ती वेळ तुम्हाला वाचवेल.

गाडी विकल्याचं कळवणारा फॉर्म २९ दोन प्रतींत आणि नाव बदलण्याच्या अर्जाचा फॉर्म ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका, एजंट कितीही ओळखीचा असला तरी. एकाच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत. ‘करून घेईन नंतर’ यावर विसंबू नका. २०१८ च्या एका प्रकरणात गाडी हातोहात अनेकांना विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाची होती. अपघात झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं. म्हणून मी शिक्षकांसोबत बसून ‘वाहन’ पोर्टलवरचा अर्ज माझ्यासमोर भरून घेतला, पोचपावती छापून घेतली, आणि मग किल्ली दिली.

विम्याचा तृतीय पक्षाचा भाग गाडीबरोबर जातो, पण घेणाऱ्याने चौदा दिवसांत कंपनीकडे नाव बदलून घ्यायला हवं. स्वतःच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय कामाचा नाही. नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातली सवलत, तुमचा. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, पुढच्या गाडीला वापरता येतं. फास्टॅग काढून बंद करा, नाहीतर त्यांचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील.

नेणार कशी, हे आधी ठरवा. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे वाटेत खंबाटकी. पहिल्याच दिवशी, गाडीची सवय नसताना, ट्रकांच्या रांगेत चढावर इंजिन तापवायची ही वेळ नाही. आम्ही सपाट ट्रॉलीवर चढवून पाठवली: टाकीत चार-पाच लिटरच पेट्रोल, बॅटरीची तार काढलेली, पट्टे चाकांवरून, बंपरवरून नाही. वाहतुकीचा विमा वेगळा घेतला.

त्याआधी अख्खा एक दिवस मी त्यांच्यासोबत घालवला. गार असताना चोक किती ओढायचा आणि कधी सोडायचा. उतारावर गिअरनेच वेग कसा धरायचा, कारण ब्रेक आजच्या गाडीसारखे लागत नाहीत. रेडिएटरचं झाकण गरम असताना का उघडायचं नाही. कुठल्या ग्रीसच्या निपलला दर किती किलोमीटरवर ग्रीस लागतं. दाराची काच दोन बोटं खाली असेल तर दार हळूच लावायचं. ते सगळं वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवत होते. मास्तरच ते.

सोबत दिलं: डायनामो, दोन जुने लॅम्प, क्लचची केबल, फ्यूज, बाबांचं मूळ मॅन्युअल, डेंटर, इंजिनवाला आणि सीट शिवणारा यांचे नंबर, आणि वही. मूळ वही त्यांना, झेरॉक्स माझ्याकडे.

नंतरचा महिना

‘वाहन’ पोर्टलवर दर आठवड्याला गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बघा. नाव बदलल्याचं दिसलं की त्या पानाची प्रत काढून करारनाम्याला टाचा आणि ती फाइल काही वर्षं तरी सांभाळा. माझ्याकडे तेविसाव्या दिवशी नाव बदललं.

पहिले दोन-तीन महिने फोन येतील. घ्या. मला पहिला फोन पावसाळ्यात आला. ड्रायव्हरच्या पायाशी थेंब पडतोय, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सर, उणिवांच्या पानावर आहे तो, अकरावी ओळ. “हो, वाचलंय,” ते म्हणाले, “मी विचारत नाही, सांगतोय. वायपरच्या दांड्याच्या रबरातून येतोय तो. मला सापडला.”